बायकांचं दुखणं

माझा धाकटा भाऊ सिक्स्टेन बारीक होतोय, हे मला सगळ्यात आधी त्याच्या कुत्र्यामुळे कळलं. म्हणजे कुत्रा जाड व्हायला लागला. दर शुक्रवारी मी सिक्स्टेनकडे दालचिनीचे गोड पाव आणि आमची पातळ भाकरी पाठवते. तो एकटा राहतो आणि त्याला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नाही. इतकी वर्षं सगळं फस्त व्हायचं. त्या हिवाळ्यातही होत होतं, पण मोल्ले कुत्रा दारातून आत येताना दोन्ही बाजूंना घासायला लागला, आणि माझ्या भावाची पँट पट्ट्यानं कशीबशी तग धरून होती. कुठंतरी पाणी मुरतंय हे कळायला मला फार हुशारी लागली नाही.

त्या वर्षी सगळ्या स्वीडनला लोण्याचं वेड लागलं होतं. भाकरी सोडा, बटाटा सोडा, साखरेचं नाव काढू नका. लोणी, साय आणि डुकराची चरबी पोटभर खा आणि बारीक व्हा, असं टीव्हीवर रोज कुणीतरी चकचकीत माणूस येऊन सांगायचा. दक्षिणेतल्या लोकांनी खुशाल खावं. पण आम्ही पडलो लॅपलँडमधले, आणि त्यातून आमच्या घराण्यातले.

आमच्या घराण्यात पॉर्फिरिया आहे. रक्ताला लाल करणारं जे हीम, ते आपलं यकृतसुद्धा स्वतःच्या कामासाठी थोडं बनवतं. ते बनवायच्या साखळीतली एक कडी आमची जन्मापासून लेचीपेची. एरवी निभावून जातं. पण माणूस उपाशी राहिला, भाकरी-बटाटा सोडून बसला किंवा नको ते औषध घेतलं, की यकृत घाईघाईनं माल काढायला लागतं. तो माल त्या लेच्यापेच्या कडीपाशी तुंबतो आणि नसांना छळायला लागतो. पोटात सुऱ्या फिरतात, झोप उडते, लघवी लालकाळी होते. साखर पोटात गेली तर यकृत जरा दमानं घेतं. या दुखण्याची माणसं जगात इतरत्र शोधून सापडत नाहीत, आमच्या गावात ती पोस्टाच्या रांगेतही भेटतात. म्हणून आमच्याकडे पाहुण्याला 'कसा आहेस' विचारायच्या आधी 'जेवलास का' विचारतात, आणि मुलगा लघवी करून आला की आई एकदा बर्फाकडे नजर टाकून घेते.

सिक्स्टेनलाही ही देणगी मिळालेली होती. तपासणीत तसं निघालं होतं. पण पुरुषांना झटका क्वचित येतो, आणि त्याला शेहेचाळीस वर्षांत एकदाही आला नव्हता. त्यामुळे साहेबांनी ठरवून टाकलं होतं की हे बायकांचं दुखणं. माझ्या तरुणपणी मला झटके यायचे, मी आमच्या कॉटेज हॉस्पिटलात पडून असायचे, तेव्हा हा दारात उभा राहून म्हणायचा, "ताई, तू थोडं वाढवून सांगतेस ना?" मी उशी फेकायचे. नेम लागायचा नाही, कारण हातात जोर नसायचा.

तर हा माणूस या वयात लोण्याच्या नादी का लागला? कारण सोल्वेग. ही दक्षिणेकडून आमच्या शाळेत शिकवायला आलेली, चाळिशीतली, हसरी, चालताना हात हलवत चालणारी. डिसेंबरच्या नाचाला ती सिक्स्टेनबरोबर नाचली आणि म्हणाली, "एवढ्या धिप्पाड माणसाच्या मानानं तुम्ही फार हलके नाचता." एवढं एक वाक्य. हिवाळाभर हा माणूस तळ्याच्या बर्फावर यंत्र फिरवून परदेशी मोटारींसाठी चाचणीचे रस्ते घासतो, काचेसारखं काम करतो, पण त्या वाक्यातला 'हलके' हा शब्द त्याला ऐकूच आला नाही. ऐकू आला फक्त 'धिप्पाड'. दुसऱ्या दिवसापासून भाकरी कुत्र्याला.

ईस्टरच्या शनिवारी आमच्या तळ्यावर मासेमारीची स्पर्धा असते. सगळं गाव बर्फावर येतं. ज्यानं त्यानं गिरमिटानं आपापलं भोक पाडायचं, रेनडियरच्या कातड्यावर बसायचं आणि हातभर काठी हलवत दुसऱ्याच्या भोकाकडे बघायचं. एप्रिलचं ऊन, वर निळं, खाली पांढरं. मी थर्मास, चीज आणि पाव घेऊन सिक्स्टेनपाशी गेले. आमच्याकडे चीजचे तुकडे कॉफीत बुडवून खातात, आणि त्यासाठी सिक्स्टेन एकेकाळी बर्फावरच्या स्कूटरवरून उडी मारायचा.

"नको," तो म्हणाला.

"नको?"

"काल मासा खाल्ला, तो बाधला बहुतेक. कमरेतही भरलंय. जा ना तू, मासे बुजतायत."

त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता. कानशिलाशी घाम, आणि बाहेर तर गोठवणारी थंडी. तो पोटावर हात दाबून पुढेमागे हलत होता. मग उठला, वाकून चालत स्कूटरला जोडलेल्या आपल्या घसरगाडीच्या आड गेला, आणि परत येऊन बसला.

मी फिरायला म्हणून निघाले आणि घसरगाडीला वळसा घातला. आमच्या लाल रानफळांचं सरबत चार दिवस उन्हात राहिलं तर कसं दिसेल, तसा बर्फ झाला होता. 

"सिक्स्टेन," मी परत येऊन त्याच्या कानाशी म्हणाले, "मासा कुठला रे? लाल रंगाचा होता का?"

"हळू बोल."

"किती दिवस भाकरी खाल्ली नाहीस?"

"हळू बोल म्हणतो ना! ती तिथं बसलीये."

सोल्वेग खरंच दोन भोकं सोडून बसली होती आणि आमच्याकडे बघून हात हलवत होती. सिक्स्टेननं दात काढून हात हलवायला वर केला. तो खांद्याएवढाही आला नाही, मध्येच खाली पडला. त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. मग मला धुडकावायला म्हणून त्यानं गिरमिट उचललं, आणि ते त्याच्या मुठीतून सरळ सुटून बर्फावर आदळलं.

"हातमोजा निसरडा आहे," तो म्हणाला.

"ऊठ."

"बक्षिसं होऊ देत. सोमवारी नाच आहे. ताई, मी तिला काय सांगू? मला बायकांचं दुखणं झालंय म्हणून?"

"ऊठ, नाहीतर मी माईकवरून सांगते."

माझ्या घरच्यांना माहीत आहे की मी असं म्हटलं की करते. सिक्स्टेन उठला. उठला म्हणजे घसरगाडीत आडवा झाला, मी त्याच्यावर कातडी टाकली, दोरीनं बांधला आणि स्कूटर सुरू केली.

आता आमच्या गावात बाधलेला मासा कोण ऐकून घेतो? पुरुष माणूस पोट धरून घसरगाडीत, बहिणीचं तोंड आंबट, आणि गिरमिट उचलायला जमलं नाही हे निम्म्या तळ्यानं पाहिलेलं. मी हळू चालवत होते, गचके बसू नयेत म्हणून. प्रत्येक भोकापाशी कुणीतरी उठत होतं. कुणी साखरेचे खडे त्याच्या छातीवर टाकले, कुणी सरबताची बाटली कुशीत खोचली, आमच्या म्हाताऱ्या पाद्रीबाईंनी नातवासाठी आणलेलं चॉकलेटचं ईस्टरचं अंडं आख्खं त्याच्या हनुवटीखाली ठेवलं. "चघळ रे बाबा, चघळ," म्हणाल्या. काठाला पोचेपर्यंत माझा भाऊ मिठाईच्या दुकानाच्या खिडकीसारखा दिसत होता आणि शरमेनं त्याच्या गालांवर जरा रंग आला होता.

मागून सोल्वेग धावत आली. "गुनहिल्डताई, त्यांचं पोट दुखतंय ना? मग सगळे गोड का फेकतायत?"

कातड्याखालून आवाज आला, "प्रथा आहे! ईस्टरची!"

मी मूग गिळून गाडी पुढे काढली. सांगायचं तर त्यानं सांगावं.

आमच्या कॉटेज हॉस्पिटलात खाटा थोड्याच, पण डॉक्टर बोझेना चांगली. पोलंडहून आली ती सहा महिन्यांसाठी, आणि मग इथल्याच एका मासेमाऱ्याशी लग्न करून बसली. तिनं सिक्स्टेनच्या पोटाला हात लावला, नाडी धरली, लघवीची बाटली उजेडात धरून पाहिली आणि हसली.

"सिक्स्टेन, हे काय खात होतास?"

"लोणी," सिक्स्टेन म्हणाला. "थोडं."

"कुत्रा बघा याचा डॉक्टर, म्हणजे किती थोडं ते कळेल," मी म्हणाले.

"माझी दोन बोटं दाब," बोझेना त्याला म्हणाली. "जोरात."

"दाबतोय की."

ती हसायची थांबली. एवढ्या दांडग्या माणसाच्या पंजात तिची दोन बोटं नुसती ठेवल्यासारखी होती.

तिनं त्याला समजावलं. साखरेचं सलाईन आत्ता लगेच, दुखण्यासाठी मॉर्फिन. पण हात ढिला पडायला लागलाय, तेव्हा साखरेवर भागणार नाही. हीम द्यावं लागेल, शिरेतून, चार दिवस रोज एक बाटली. "तुझ्या यकृताला वाटतंय की हीम संपलं, म्हणून ते वेड्यासारखं राबतंय. आपण त्याला आयतं हीम दिलं की ते कामावरून हात काढून घेईल. मग विष तुंबायचं थांबेल."

"चार दिवस? सोमवारी मला काम आहे."

"नाचायचं काम," मी म्हणाले.

"साखर लावा. ती पुरे. ते काळं औषध ताईला लागायचं. माझं काही इतकं नाही. मंगळवारी लावा हवं तर."

बोझेना म्हणाली की जितका उशीर, तितकं औषध कमी गुण देतं. नसेला एकदा इजा झाली की ती भरून यायला महिने लागतात, कधी वर्षं. सिक्स्टेन छताकडे बघत होता. वेदनेनं त्याचे ओठ निळे पडले होते आणि तरी चेहऱ्यावर तो जुना भाव, की बायका जरा वाढवून सांगतात.

तेव्हा माझा तोल गेला. मी त्याच्या खाटेचा कठडा धरून हलवला. "मंगळवारी? आईनंही मंगळवारच म्हटलं होतं! गवत कापून होऊ दे, मग दाखवते म्हणाली. आधी पोट दुखलं. मग हातातून दुधाची बादली पडली. मग तिला जिना चढता येईना. डॉक्टरनं डोकं फिरलंय म्हणून झोपेचं औषध दिलं, आणि आपल्याला तेच चालत नाही हे तेव्हा कुणाला माहीत होतं? तिचे हात गेले, पाय गेले, मग आवाज गेला, मग श्वास. तुला आठवत नाही, तू तीन वर्षांचा होतास. मला आठवतं. तिच्या वेळी ही बाटली जगात नव्हती रे, कुठंच नव्हती! आणि तुझ्यासाठी ती त्या फ्रिजमध्ये ठेवलीये, आणि तू मला नाच सांगतोस?"

आणि मी रडायला लागले. मी याच्यासमोर कधी रडत नाही. तो इतका घाबरला की पोटाचं विसरला.

बोझेना वाट बघत राहिली. सिक्स्टेननं ओठांचा चंबू केला आणि सुर्रकन श्वास आत ओढला. आमच्या भागात याला 'हो' म्हणतात.

हीमची बाटली काचेची असते आणि आतलं औषध काळंकुट्ट, उजेड लागू नये म्हणून वरून चंदेरी कागद गुंडाळलेला. दंडातली चांगली जाड शीर बघून सुई घालावी लागते, कारण ते शिरेला झोंबतं, आणि संपल्यावर शीर खारट पाण्यानं धुऊन काढावी लागते. मला हे सगळं पाठ आहे. थेंब थेंब नळीतून खाली उतरायला लागलं तसा सिक्स्टेन त्याकडे टक लावून बघत राहिला.

"कॉफीसारखं दिसतं," तो म्हणाला.

"आणि साखर नाही त्यात," मी म्हणाले. "तुझ्याच आवडीचं."

तो हसला, आणि हसल्यावर पोटात कळ आली म्हणून शिव्या दिल्या. मला बरं वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी हात जास्तच ढिला होता. चमचा धरता येईना. बोझेना म्हणाली, असं होतं, औषध लगेच उलटं फिरवत नाही, आधी घसरण थांबते, थांबा. सांगायला सोपं आहे. मी खिडकीशी बसले आणि लोण्याला, टीव्हीला, त्या चकचकीत माणसाला आणि सगळ्या दक्षिण स्वीडनला मनातल्या मनात यथेच्छ बोलून घेतलं. मग त्यांच्यात मला चेष्टेला जागा सापडेना, तेव्हा गप्प बसले. मला भीती वाटत होती.

सोमवारी दुपारी दक्षिण स्वीडनच दारात येऊन उभं राहिलं. सोल्वेग, हातात पिशवी. सिक्स्टेननं तिची चाहूल लागताच डोळे मिटले आणि घोरायचा आव आणला. इतकं वाईट घोरणं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"गुनहिल्डताई, त्यांना काय झालंय?"

"ते त्यानं सांगायला हवं ग."

"त्यांनी कशाला? मला दुकानात सांगितलं, टपालवालीनं सांगितलं, पाद्रीबाईंनी तर चित्र काढून सांगितलं, यकृताचं. माझ्या वर्गातल्या एका पोरानं विचारलं, बाई, तुम्हाला पॉर्फिरिया नाही? म्हणजे मलाच काहीतरी कमी आहे असं." ती थांबली. "मला एवढंच कळत नाही की त्यांना बारीक व्हायला सांगितलं कुणी?"

मी तिच्याकडे पाहिलं. माझा चेहरा तोंडापेक्षा जास्त बोलतो, असं माझा नवरा म्हणायचा.

"अय्या," सोल्वेग म्हणाली. "मी? अहो, मी कौतुक केलं होतं! त्यांच्या आधी जो होता ना, काटकुळा, त्यानं माझ्या पायांचा भुगा केला होता!"

ती तडक आत गेली आणि खुर्ची ओढून बसली. "घोरणं बंद करा."

घोरणं बंद झालं. एक डोळा उघडला.

"हे बायकांचं..." सिक्स्टेननं सुरुवात केली.

"माहितीये. तुमच्या नसांना समजावून सांगा की तुम्ही पुरुष आहात. आज नाच आहे, आणि मी आत्ता इथं बसलेय, कारण तिथं सगळे काटकुळे येणार आहेत. जेवलात का?"

आमच्यात राहून ती हे शिकली होती. सिक्स्टेननं आपल्या हातांकडे पाहिलं. ते पांघरुणावर पडून होते. "मला धरता येत नाही," तो अगदी हळू म्हणाला. हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. मी नुसतं पाहत होते.

सोल्वेगनं पिशवीतून गोड पाव काढला, तुकडा तोडला, त्याच्या तोंडापाशी नेला. त्यानं आ केला. तिसऱ्या तुकड्याला तो म्हणाला, "ताईचे जास्त चांगले असतात," आणि ती म्हणाली, "ऐकलं हं मी." मी बाहेर आले. व्हरांड्यात उभी राहून उगीचच फुलांच्या कुंडीला पाणी घातलं. नंतर कळलं, फुलं प्लॅस्टिकची होती.

चौथ्या बाटलीच्या दिवशी सकाळी गेले तर सिक्स्टेन ताट घेऊन भांडत होता. बटाटे एवढेच का, म्हणून. रात्री तो झोपला होता, पोट शांत होतं, आणि लघवी, नर्सबाईंनी मोठ्या अभिमानानं जाहीर केल्याप्रमाणे, चहासारखी होती, तीही फिक्या. चमचा त्यानं मुठीत धरला होता, लहान मुलं धरतात तसा, निम्मा माल हनुवटीवर. बोझेना म्हणाली, घसरण थांबली, आता हात सावकाश येईल, व्यायाम करायचा, आणि पुन्हा लोण्याचं नाव काढलं तर ती स्वतः येऊन मारेल.

सोल्वेग शाळेत होती. बाटली लागली. मी त्याची हनुवटी पुसायला रुमाल काढला.

"ताई," तो बाटलीकडे बघत म्हणाला, "तुला हे इतकं दुखायचं?"

"हो."

"आणि मी दारात उभा राहून..."

"गप. बटाटे खा."

त्यानं दोन घास खाल्ले. मग चमचा खाली ठेवला. "आई गेली तेव्हा तू केवढी होतीस?"

एवढ्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, चौदा. त्याला हिशेब करायला वेळ लागला. त्याचं कपाळ आठ्यांनी भरून गेलं, तो तीन वर्षांच्या पोराचा विचार करत होता.

"मग मला भरवायचं कोण?"

"तुला काय वाटतं, गाढवा?"

 त्याचा मोठा, अजून ढिला पंजा पांघरुणावरून सरकत माझ्या हातापाशी आला आणि त्यानं माझी बोटं धरून दाबली. फार जोर नव्हता, पण माझी बोटं संधिवाताची, आणि चांगली कळ आली. मी हात सोडवून घेतला नाही.